मदत हवी आहे: बाळ झाल्यापासून भाऊ खचलाय

माझा धाकटा भाऊ हर्णैला मच्छीमार बोटीवर असतो. बाळ आता ४ महिन्यांचं आहे. भावजय माहेरून आल्यापासून याला झोप नाही, बारीकसारीक गोष्टींवरून चिडतो, बाळाला घ्यायचं टाळतो. हल्ली बंदरावरही जाईनासा झालाय. आई म्हणते, दृष्ट काढा. मला हे बाळंतपणानंतरचं नैराश्य वाटतंय. ते वडिलांनाही होतं, आणि बाळ ३ ते ६ महिन्यांचं असताना जास्त दिसतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, फोन करत नाही. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की “मी वेडा नाही” म्हणून उठून जातो.

दापोली-खेडकडे शांतपणे ऐकून घेणारे मानसोपचारतज्ज्ञ कुणाला माहीत आहेत का? तुमच्या घरातल्या पुरुषाला पहिल्यांदा कसं तयार केलंत, तेही सांगा. भावजय स्वतःच अजून अशक्त आहे, तिच्यावर किती टाकायचं?