जुन्या संगणकांवरील कोडेखेळ: फ्लॉपीवरून कसे उतरवावेत, कसे वाटावेत?

प्रश्न
१९८० च्या दशकातील वैयक्तिक संगणकांवरचे कोडेखेळ मी जमवत आहे. सव्वापाच इंची फ्लॉप्यांचा एक गठ्ठा हाती आला असून त्यांतील काहींवर सोकोबान (खोकी ढकलून ठरलेल्या जागी नेण्याचा खेळ), लोड रनर अशी नावे हाताने लिहिलेली आहेत. फ्लॉप्यांना धक्का न लावता हे खेळ आजच्या संगणकावर कसे आणावेत आणि ते इतरांना द्यावेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
आधी फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाका, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जाणार नाही. यूएसबीला जोडायचे तयार ड्राइव्ह सहसा साडेतीन इंचीच असतात, त्यामुळे जुना ड्राइव्ह आणि तो यूएसबीने संगणकाला जोडणारा ग्रीझवीझलसारखा नियंत्रक लागेल.  हा नियंत्रक फाइली न वाचता चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो. त्या काळातील अनेक खेळांची नक्कलबंदी मुद्दाम वेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या सेक्टरांवर (चकतीवरील माहितीच्या छोट्या तुकड्यांवर) बेतलेली असे आणि साध्या नकलेत नेमके तेच गळते. लोड रनर १९८३ साली ॲपल टू या संगणकासाठी निघाला, पण इतर यंत्रांसाठीही त्याच्या आवृत्त्या निघाल्या, तेव्हा एम्युलेटर (आजच्या संगणकावर जुन्या यंत्रासारखा वागणारा प्रोग्राम) निवडण्यापूर्वी फ्लॉपी कोणत्या यंत्राची आहे हे तपासा.

प्रतिसाद २
फ्लॉपी आयबीएम पीसीची निघाली, तर डॉसबॉक्स हा एम्युलेटर पुरेल. पहिल्या पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता आणि काही खेळांची चाल थेट त्याच वेगावर अवलंबून असे. खेळ सुसाट पळू लागला, तर कंट्रोल व एफ११ दाबून सायकल्स, म्हणजे डॉसबॉक्समधला प्रोसेसरचा वेग, कमी करा. सोकोबानला याने फरक पडत नाही, कारण आपण हलल्याशिवाय तिथे काहीच हलत नाही.

प्रतिसाद ३
वाटण्याविषयी लिहितो. कंपनी बंद पडली म्हणून प्रताधिकार संपत नाही, तो बहुधा दुसऱ्या कोणाकडे गेलेला असतो. त्यामुळे मूळ प्रोग्राम सरसकट वाटू नये, असे माझे मत आहे. इंटरनेट आर्काइव्हवर डॉसचे अनेक खेळ ब्राउझरमध्येच चालतात, तेव्हा दुवा दिला तरी पुष्कळदा काम भागते. सोकोबानचे नवे पट (खेळाचे टप्पे) तर साध्या मजकुरात लिहून देता येतात: हॅशचे चिन्ह भिंत, डॉलरचे खोके आणि टिंब म्हणजे खोके नेऊन ठेवायची जागा.

हाताने नाव लिहिलेल्या फ्लॉप्या बहुधा नकलाच असतील आणि त्यांची नक्कलबंदी आधीच कोणी काढून टाकलेली असू शकते. तरीही त्या टाकू नका. लोड रनरमध्ये स्वतःचे पट रचून फ्लॉपीवर साठवण्याची सोय होती. एखाद्या अनामिक खेळाडूने रचलेले पट तुमच्या गठ्ठ्यात निघाले, तर ते अन्यत्र कुठेही मिळण्याची शक्यता कमीच, म्हणून सर्वांत आधी त्याच फ्लॉप्या उतरवून घ्या.