मदत हवी: बीएसएफ माशीच्या अळ्या क्रेटमधून पळतायत

माळरान:
गावठी कोंबड्यांच्या खाद्यासाठी ब्लॅक सोल्जर फ्लाय (बीएसएफ) या माशीच्या अळ्या वाढवतोय. 60 × 40 सेंमीचा क्रेट, पाच दिवसांच्या साधारण 10,000 अळ्या, वर टोमॅटोचा दळलेला कचरा एकदम 15 किलो. तिसऱ्या रात्री अर्ध्याअधिक अळ्या भिंतीवर चढल्या. रंग अजून पांढुरकाच, म्हणजे कोषात जाण्यासाठी बाहेर पडायची वेळ नाही. नासका वास, तळाशी पाणी. खोलीत 29 अंश. काय चुकतंय?

खुराडा:
अळ्या आणि कचऱ्याचा हिशेब बरोबर आहे, पाण्याचा चुकलाय. टोमॅटोत 90 टक्क्यांच्या वर पाणी असतं, अळ्यांना 70 च्या आसपास पुरतं. तळाला हवा मिळत नाही म्हणून तिथलं सडतं आणि त्या वर पळतात. भिंत ओली असली की चिकटून चढतात, कोरडीवरून घसरतात.

10 किलो लगद्याला साधारण चार किलो गव्हाचा कोंडा टाका, पाणी 70 टक्क्यांच्या आसपास येईल. एवढा परवडत नाहीच. म्हणून लगदा आधी गोणपाटात टांगून रस निथळू द्या, मग बराच कमी लागतो. मुठीत दाबल्यावर बोटांतून दोन-चार थेंबच यावेत. धार लागली तर अजून ओलं आहे.

15 किलो एकदम घालू नका. 5 किलो पहिल्या दिवशी, 5 पाचव्या, 5 आठव्या. काढणी बाराव्या दिवशी. अळ्या खाताना उष्णता सोडतात. खोलीत 29 असले तरी जाड थराच्या पोटात 40 च्या वर जाऊ शकतं.

माळरान:
भरलेला क्रेट ओतून द्यायचा का?

खुराडा:
छे. क्रेटची एक बाजू विटेवर उचला, पाणी दुसऱ्या कोपऱ्यात जमेल, ते मगाने काढा. वरून कोंडा टाकून हलक्या हाताने मिसळा. भिंती कोरड्या फडक्याने पुसा, पळालेल्या परत आत. दोन दिवस नवीन खाद्य नको.

ओसरी:
मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, नाहीतर मुंग्या माश्यांची अंडीसुद्धा सोडत नाहीत. काढणीनंतर अळ्या चाळून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवा, मग वाळवा. वाळलेल्या अळीत प्रथिनं साधारण 40 टक्के, पण चरबीही 30 च्या घरात. त्यामुळे नुसत्या अळ्यांवर कोंबड्या ठेवू नका, दाण्यात मिसळून द्या.

आणि माश्यांची पुढची अंडी स्वतःच काढणार असाल तर माश्यांची जाळी थेट उन्हात हवी. आभाळ भरलं की मीलन मंदावतं, साध्या बल्बने भागत नाही.