मदत हवी आहे: शेतात चालवायच्या बग्गीसाठी इंजिन कोणतं? पल्सर २२०, मारुती ८०० की नॅनो?

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहितोय. मी आणि माझा आतेभाऊ मिळून दोन सीटची ऑफ-रोड बग्गी बनवतोय. त्याचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळे वेल्डिंगची चिंता नाही. लोहामंडीतून सीमलेस पाइप आणला, २५ मिमी बाहेरचा व्यास, ३ मिमी जाडी. पीथमपूरला बाहा स्पर्धेच्या गाड्या (कॉलेजची पोरं स्वतः बनवतात त्या ऑफ-रोड गाड्या) पाहिल्या होत्या, त्यांच्या मुख्य नळ्यांना किमान एवढं माप लागतं, तेच धरलं. पुढचा भाग आणि रोल केज (गाडी उलटली तर माणसं वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) वेल्डचे ठिपके देऊन तात्पुरता जोडून ठेवलाय. मागचा भाग मुद्दाम उघडा आहे, कारण सगळं इंजिनावर अडलंय.

गाडी कुठे चालणार ते आधी सांगतो, नाहीतर उत्तरं हायवेची येतील. सिमरोलच्या पुढे आमचं शेत आहे. अर्धं माळव्याची काळी माती, अर्धं मुरमाड, आणि मागे चोरलकडे उतरणारा दगडगोट्यांचा चढ-उतार. पहिला पाऊस पडला की त्या मातीत चाक फिरतं पण गाडी जागची हलत नाही, आणि मे महिन्यात त्याच मातीची मैद्यासारखी धूळ होते. वेगाची हौस नाही. ताशी चाळीसच्या वर तिथे कोण नेणार? रस्त्यावर काढणार नाही. घरी बनवलेल्या गाडीचं पासिंग होत नाही हे माहीत आहे, शेतापर्यंत पिकअपवर टाकून नेऊ. तेव्हा कृपया धागा तिकडे नेऊ नका.

पर्याय असे. भावाकडे पल्सर २२० पडून आहे, म्हणजे इंजिन फुकट. २१ पीएस मिळतात, पण टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, १९ न्यूटन-मीटर आणि तोही ७००० आरपीएमला. रिव्हर्स नाही. दुसरा पर्याय भंगारातली मारुती ८००. ७९६ सीसी, ३७ बीएचपी, ५९ न्यूटन-मीटर आणि तो २५०० आरपीएमलाच. गिअरबॉक्स, डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग), रिव्हर्स सगळं एकाच गठ्ठ्यात. तिसरी नॅनो. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, ३८ पीएस, आणि कंपनीनेच इंजिन मागे ठेवून मागची चाकं चालवली आहेत, म्हणजे आम्हाला जे हवंय ते तयारच. पण २०१८ नंतर ती बनत नाही, आणि आमचा मेकॅनिक नॅनोचं नाव काढलं की विषय बदलतो.

माझा कल पल्सरकडे आहे, कमी वजनामुळे. इंजिन-गिअरबॉक्स मिळून चाळीस हजारांच्या आत बसवायचंय. ज्यांनी अशी गाडी प्रत्यक्ष बनवली किंवा जवळून पाहिली आहे त्यांनी सांगावं. आणि ८०० घेतली तर जुना कार्ब्युरेटर की एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी पद्धत), हेही.

— माळवी_पाना

बाहावाला_पुणेकर

भाऊ, कॉलेजच्या टीमबरोबर पीथमपूरला आलो होतो, म्हणून लिहितो. एक गोष्ट निसटतेय. तो २५ बाय ३ चा नियम ज्या गाड्यांसाठी आहे त्यांतल्या पेट्रोलच्या सगळ्यांना आमच्या वेळी एकच इंजिन मिळायचं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसी, १० एचपी. गाड्या हलक्या, ड्रायव्हर एक. तुम्ही दोन माणसं आणि मारुतीचं इंजिन त्याच नळ्यांवर लादणार असाल तर इंजिनाच्या चौकटीला जाड पाइप घ्या आणि तिरपे आधार वाढवा. नाहीतर माउंटिंगपाशी वेल्डच्या कडेला तडे जातील. किमान माप म्हणजे पुरेसं माप नव्हे.

दुसरं, १० एचपीवर गाड्या टेकड्या चढतात. सगळी गंमत रिडक्शनची (गिअरने वेग कमी करून ताकद वाढवण्याची) आणि वजनाची आहे. त्यामुळे ‘किती पॉवर’ हा प्रश्न तुमच्यासाठी जवळजवळ संपलेलाच आहे. तिन्ही इंजिनं पुरून उरतील.

गिअरवाला_बडोदा

पल्सर सोडून द्या. काळ्या मातीत रुतल्यावर गाडी मागे-पुढे झुलवून काढावी लागते, तिथे रिव्हर्स ही चैन नाही. वेगळा रिव्हर्स बॉक्स बसवता येतो, पण मग जॅकशाफ्ट (मधला जादा दांडा) आला, दुसरी चेन आली, चिखलात चेन आली. शिवाय मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो. जड गाडी उचलताना तो घसरला की प्लेटांची भुकटी इंजिनच्याच तेलात जाते. आणि वाऱ्यावर थंड होणारं इंजिन सीटमागे कोंबून ताशी दहाने चढ चढवायचा म्हणजे त्याला तव्यावर बसवण्यासारखं आहे.

८०० घ्या. आमच्याकडे एका शेतकऱ्याच्या गाडीत पाहिलंय, वर्षानुवर्षं चालते. पण बसवताना लक्ष ठेवा: इंजिन-गिअरबॉक्स पुढे जसा बसतो तसाच सरळ मागे सरकवायचा, तोंड न फिरवता. सोयीसाठी १८० अंशात फिरवलात तर चाकं उलटी फिरतील. एक गिअर पुढे जायला आणि चार मागे यायला! हसू नका, हे झालेलं पाहिलंय.

८०० चे पुढचे हब (चाक बसतं तो भाग) मागे लावाल तेव्हा टाय रॉडची, म्हणजे स्टिअरिंगने चाक वळवणाऱ्या दांड्याची, जागा रिकामी राहते. तिथे दोन्ही बाजूंना ठरावीक लांबीचे लिंक चासीला बांधा. त्यांची लांबी आणि कोन खालच्या आर्मशी जुळला नाही तर खड्ड्यात मागची चाकं स्वतःच वळायला लागतील. सस्पेन्शनला फार उंच झोके देऊ नका. ८०० चे ड्राइव्ह शाफ्ट आखूड आहेत, त्यांच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटला (वाकूनही फिरणारा सांधा) तो कोन झेपत नाही.

रिकामटेकडा_४७

बुलेटचं टाका. चालली नाही तरी आवाज तरी येईल.

माळवी_पाना

रिकामटेकडा, तुमच्या सल्ल्याने घरात एक मत पडलंय, आतेभावाचं.

गिअरवाला काका, धन्यवाद. फिरवण्याचं डोक्यातच आलं नसतं, आम्ही गिअर लिव्हरची तार जवळ यावी म्हणून नेमकं तेच करणार होतो. काल एक एमपीएफआय ८०० पाहून आलो. गाडी सडली आहे, इंजिन ठीक वाटलं. कार्ब्युरेटरवालीही आहे, स्वस्तात. कोणती? आणि रेडिएटर कुठे ठेवू?

गिअरवाला_बडोदा

एमपीएफआय. कार्ब्युरेटर सोपा खरा, पण दगडी चढावर गाडी तिरकी झाली की त्याच्या फ्लोट चेंबरमधलं (पेट्रोल साठायची वाटी) पेट्रोल एका बाजूला जातं. एकतर इंजिन गुदमरतं नाहीतर ओव्हरफ्लो होतं. एमपीएफआय घेताना मात्र ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, सेन्सर आणि मूळ चावी एकाच गाडीतलं घ्या. इमोबिलायझर (दुसऱ्या चावीने इंजिन चालू न होऊ देणारं चोरीविरोधी यंत्र) असेल तर त्याचा डबाही. चावी आणि ईसीयू वेगवेगळ्या गाड्यांचे झाले की स्टार्टर फिरेल, इंजिन लागणार नाही. जागेवर चालू करून दाखवायला सांगा. कॉम्प्रेशन तपासा, तिन्ही सिलिंडर जवळपास सारखे हवेत.

रेडिएटर सीटच्या मागे उंचावर, इलेक्ट्रिक पंखा आणि पाणी तापलं की तो चालू करणाऱ्या थर्मोस्विचसकट. पुढे ठेवलात तर चिखल भरतो आणि लांब पाइपात हवा अडकते. पाणी भरायचं तोंड सगळ्यात वर ठेवा. एअर फिल्टरचा पाइप रोल केजच्या उंचीला न्या, तुमची मे महिन्यातली धूळ इंजिन खाऊन टाकेल. सम्पखाली (इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं) जाड पत्रा.

बाहावाला_पुणेकर

+१. फक्त एक: बग्गी रस्त्यावर येणार नसली तरी इंजिन नंबर कुणाच्या तरी नावावर आहे. भंगारवाल्याकडून विक्रीची पावती आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद घ्या. तो नसेल तर ‘नंतर देतो’ ऐकून पैसे देऊ नका, दुसरी गाडी शोधा. इंदूरच्या आसपास जुन्या ८०० ना तोटा नाही.

माळवी_पाना

कागद विचारला, रविवारी दाखवतो म्हणाला. तोवर मागच्या चौकटीसाठी जाड पाइप बघून ठेवतो. ८०० च्या माउंटिंगची मापं कुणी घेतलेली असतील तर इथे टाका, म्हणजे इंजिन येण्याआधी ब्रॅकेट कापून ठेवता येतील.