अनुभव धागा: टीव्हीवरच्या स्पर्धेला प्रेक्षक म्हणून गेला आहात का कधी?

मोरावळा

परवा माळा आवरताना सासूबाईंची जुनी प्रवासी बॅग निघाली. आतल्या कप्प्यात एक घडी पडलेला पास, शिक्का अर्धा पुसलेला. २००८ चा, सारेगमप लिटिल चॅम्प्सच्या चित्रीकरणाचा. तिथेच बसून राहिले, आवरणं बाजूलाच.

आईंना (सासूबाईंना) त्या पर्वाचं वेड होतं. आर्या, रोहित, कार्तिकी, प्रथमेश आणि मुग्धा. मुग्धा गायला उभी राहिली की त्या भाजी चिरायची थांबायच्या. ह्यांच्या ओळखीतल्या एकाने दोन पास मिळवून दिले. सकाळी साडेआठला डोंबिवली सोडली, अकराला हजर, आणि पहिलं गाणं ऐकलं ते चार वाजता. मधल्या वेळात आमच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्या. गाणं नाही, गायक नाही, नुसत्या टाळ्या. मग 'आता गंभीर चेहरे', मग 'आता डोळे पुसा'. आई म्हणाल्या, मला नाही असं रडू येत. आणि बसून राहिल्या.

पण मला सांगायचंय ते वादकांबद्दल. कमलेश भडकमकर आणि त्यांची मंडळी. टीव्हीवर ती एखाद-दोन सेकंद दिसतात. तिथे दिवसभर समोर होती. एका मुलाचा अंतरा अडत होता. कॅमेरे बंद होते, दिवे बदलत होते, कोणाचं लक्ष नव्हतं, आणि अमर ओक बासरीवर त्याला तीच जागा परत परत हळू वाजवून दाखवत होते. पोराला लागेपर्यंत. ते कुठेच प्रक्षेपित झालं नाही. आई घरी आल्यावर ह्यांना सगळ्यात आधी तेच सांगत होत्या. गेल्या त्या २०१६ मध्ये.

तुमचे अनुभव लिहा ना. कुठलाही कार्यक्रम, गाणं, नाच, काहीही.

केतकी

एसी!!! कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. ऐन मे महिन्यात पातळ शिफॉनची साडी नेसून गेले आणि दुपारपर्यंत दात वाजायला लागले. शेजारच्या काकूंनी त्यांच्या शालीचं अर्धं टोक दिलं. नाव पण विचारलं नाही मी त्यांचं. दिवे इतके तापतात की थंडावा ठेवावाच लागतो म्हणे.

मोरावळा

हो गं, आईंनी तर रुमाल कानाला बांधला होता :)

आरवलीकर

आम्ही कुठल्या स्टुडिओत जाणार. पण प्रथमेश आमच्या आरवलीचा, म्हणून लिहितो. कार्यक्रमाच्या दिवशी हायवेवरच्या टपऱ्यासुद्धा लवकर बंद. आमच्याकडे लाइट जायची भीती, म्हणून एकाच्या घरी इन्व्हर्टर होता तिथे सगळी वाडी. अंगणात टीव्ही काढलेला. म्हाताऱ्यांना एसेमेस करता येत नव्हते, तर ती रांगेत फोन घेऊन पोरांपुढे उभी, "माझा पण टाक रे". फेब्रुवारी २००९ ला कार्तिकी जिंकली तेव्हा दोन मिनिटं शांतता आणि मग आमचे अण्णा म्हणाले, आळंदीची आहे पोरगी, माउलीच्या दारची, टाळ्या वाजवा. वाजवल्या सगळ्यांनी.

आणि मुग्धा आता आमच्या गावची सून आहे, डिसेंबर २०२३ पासून. आलात कधी तर गरम पाण्याची कुंडं बघून जा.

सुगरण नाशिक

@आरवलीकर कुंडं हायवेपासून किती आत आहेत? आम्ही दिवाळीत गुहागरला जातोय.

आरवलीकर

अगदी जवळ. कोणालाही विचारा. सकाळी लवकर जा.

नाना ठाणेकर

आमच्या वेळी स्पर्धा नव्हत्या, पण प्रेक्षक होतो. वरळीचं दूरदर्शन केंद्र. १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं, मी तेव्हा कॉलेजात. पुढे शिक्षक झाल्यावर शाळेतल्या मुलींचा फुगडी-झिम्म्याचा चमू घेऊन गेलो होतो. सूचना एकच होती, खोकू नका. एक मुलगी पूर्ण वेळ तोंडावर हात धरून बसली, तिला खोकला नव्हता तरी. आज ती आजी आहे. बाकी सावकाश लिहितो, डोळ्यात थेंब घातलेत.

भटकी मैना

माझा खरोखरच लाइव्ह होता. सप्टेंबर २०१९, लॉस एंजेलिस, डॉल्बी थिएटर. अमेरिकाज् गॉट टॅलेंटची अंतिम फेरी आणि त्यात आपला मुंबईचा नाचाचा चमू, व्ही अनबीटेबल! विसर्जन होऊन जेमतेम आठवडा झालेला. आम्ही सहा मराठी बायका, पिवळे कुर्ते घालून, कारण त्यांच्या जर्सी पिवळ्या.

टीव्हीवर जाहिरात लागते तेव्हा आत काय चालतं ते बघण्यासारखं असतं. काळ्या कपड्यातली माणसं धावत येतात, एक अख्खा सेट गायब आणि दुसरा उभा. एक जण माइक घेऊन प्रेक्षकांना हसवत ठेवतो, आणि मग उलटी मोजणी. लाइव्ह असल्यामुळे रीटेक नाही. ती पोरं हवेत उडाली तेव्हा हे डोक्यात होतं. चुकलं तर चुकलं. मी एकीचा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिला वळ.

शर्टावर 'विकास' लिहिलेलं असतं ते त्यांच्या मित्राचं नाव. सराव करताना पडून जायबंदी झाला आणि नंतर गेला. हे मी शेजारच्या अमेरिकन आजींना सांगितलं तर त्या माझा हात धरून बसल्या. शेवटी आम्ही न ठरवता "गणपती बाप्पा" ओरडलो आणि वरच्या बाल्कनीतून कुठूनतरी "मोरया" आलं!!! कोण होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

चौथे आले ते. कोडी ली जिंकला, त्याचं गाणं ऐकून तक्रारीला जागाच नव्हती. आणि पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, चॅम्पियन्सच्या पर्वात आपली पोरं पहिली.

केतकी

बाल्कनीतला मोरया वाचून काटा आला.

शांत किनारा

सगळ्यांचे छान अनुभव. माझा नाही. कार्यक्रमाचं नाव लिहीत नाही, नाचाचा होता. कॉलेजात होते, पैशांची गरज होती, प्रेक्षक पुरवणाऱ्या माणसाने दिवसाचे पैसे ठरवले होते. सकाळी सातला बोलावलं, रात्री साडेअकराला सोडलं. मोबाइल जमा. जेवण एकदाच, तेही थंड. सहाच्या सुमारास पुढच्या रांगेतली एक मुलगी चक्कर येऊन पडली तर तिला उचलून बाजूला नेलं आणि तिच्या जागी माझी खुर्ची सरकवली, रांग मोकळी दिसू नये म्हणून. मी हसत टाळ्या वाजवल्या त्या खुर्चीवर बसून. ते अजून टोचतं. पैसे दीड महिन्याने मिळाले, तेही कापून. शेवटची लोकल गेली होती, गोरेगाव स्टेशनवर पहाटेपर्यंत तिघी जणी बसलो.

मोरावळा

अगं. तेव्हा तू किती, वीसेक वर्षांची असशील. तुला टोचायला नको, ज्यांनी खुर्ची सरकवली त्यांना टोचायला हवं.

नाना ठाणेकर

@शांत किनारा बाळ, त्या मुलीची पुढे काही खबर?

शांत किनारा

दुसऱ्या दिवशी परत आली होती कामाला. आमची मैत्री झाली. आता ती पुण्यात असते, दिवाळीला फराळाचा डबा पाठवते. तिच्या चकल्या मला कधीच जमत नाहीत.

सुगरण नाशिक

चकलीची भाजणी जास्त भाजत असशील. मोहन कडकडीत घाल. वेगळा धागा काढू का?

दोन शून्य आठ

एक विचारू? मग टीव्हीवर प्रेक्षक रडताना दिसतात ते सगळं खोटंच का? माझी आजी त्यांच्याबरोबर रडते.

मोरावळा

नाही रे. गाणं चालू असताना बरेच कॅमेरे गायकावर असतात, प्रेक्षकांचे भरपूर चेहरे तेव्हा मिळत नाहीत. म्हणून आधीच टिपून ठेवतात आणि संकलनात जोडतात. पण खरं रडू पण येतंच. एक मूल बाहेर पडलं तेव्हा चित्रीकरण थांबलं होतं, बाकीची मुलं ऐकेनात. मेकअपवाली बाई स्वतःच रडत त्यांचे चेहरे पुसत होती. तेव्हा आम्हाला कोणी 'डोळे पुसा' सांगितलं नव्हतं. आईंनाही आलं तेव्हा. आजीला सांग, रड बिनधास्त.

भावाची ताई

माझा मावसभाऊ एका पर्वात बराच पुढे गेला होता, म्हणून आम्ही घरच्यांच्या रांगेत. रात्रभर जागून पाटी रंगवली, थर्माकोलची, त्यावर जरीची लेस. ती कधी वर करायची हे हाताने खूण करून सांगतात. मावशी पाटी धरून बसलेली आणि निकालात त्याचं नाव नाही आलं. ती पाटी खालीच घेईना. हात तसेच वर. मी हळूच खाली घेतले. परत येताना गाडीत कोणी बोललं नाही, कसारा घाटात त्यानेच गाणं सुरू केलं, जे त्या दिवशी गायला मिळालं नव्हतं. पूर्ण गायला, दोन्ही अंतरे. आता गाणं शिकवतो, चाळीसेक मुलं आहेत क्लासला. पाटी मावशीच्या कपाटामागे अजून आहे, लेस निघालीय.

मोरावळा

कसारा घाटातलं गाणं. बस, आज एवढंच पुरे मला.

पमाताई

उशिरा आले. गुरुवारी चाललेय मी!!! सुनेने पास मिळवलेत, गाण्याचाच कार्यक्रम आहे. पहिल्यांदाच. काळं-पांढरं नको आणि बारीक चौकडी नको असा निरोप आलाय. चौकडी का नको? आणि मोरपंखी चालेल का?

भटकी मैना

बारीक चौकडी आणि बारीक रेघा कॅमेऱ्यात लहरतात, डोळ्यांना त्रास होतो. मोरपंखी मस्त दिसेल.

केतकी

शाल घ्या पमाताई. जाड. आणि शक्य असेल तर दोन घ्या, शेजारी कोणीतरी शिफॉनमध्ये येईलच.