गॅराडोस 'आपला मकर' नाही, तो कोईच आहे!

तलावपाळीकर: काल आपल्या ठाणे-नवी मुंबई पोकेमॉन ग्रुपवर एकाने ठोकून दिलं की गॅराडोस हा पोकेमॉन म्हणजे देवळातला मकर, पुराणातला तो जलचर, जपान्यांनी आपलं शिल्प उचललं आणि आपण गप्प बसलो. खाली अंगठ्यांची रांग लागली. मला राहवलं नाही.

अहो, तो कशातून निघतो ते तरी बघा! मॅजिकार्प या माशातून, आणि त्याचं जपानी नावच 'कोईकिंग'. कोई म्हणजे कार्प मासा. चिनी दंतकथा आहे की पीत नदीत उलटं पोहत जाऊन जो कार्प ड्रॅगनद्वार उडी मारून ओलांडतो, तो ड्रॅगन होतो. खेळात तेच घडतं. नुसता तडफडणारा मासा २० व्या लेव्हलला साडेसहा मीटरचा राक्षस होतो. मॅजिकार्पच्या मिशा गॅराडोसलाही आहेत, आणि पाठीवरचा तीन टोकांचा मुकुट डोक्यावर चढलाय. मकराची सोंड कुठाय त्यात?

नेरूळवाला: ती पोस्ट माझीच. सोंड सगळ्याच मकरांना नसते. आणि चिनी ड्रॅगनला चार पाय असतात, गॅराडोसला एक तरी दाखवा! वासलेला जबडा, मागे माशाचं अंग. अभिषेकाचं पाणी ज्या मकरमुखातून पडतं ते एकदा नीट बघा. जाव्यात बोरोबुदूर स्तूपाच्या जिन्यांना मकर आहेत. इथून तिथवर गेलेला मकर जपानला पोचला नसेल? आपलं काही म्हटलं की लगेच नाकं मुरडायची, ही सवय सोडा.

ऐरोलीची_ट्रेनर: मकर नि कोई राहू द्या. त्याला ड्रॅगन टाइप का दिला नाही, ते बोला. टाइपवरच ठरतं ना कोणता हल्ला किती लागतो! याला दिले पाणी आणि उडणं! हा काय पिजी पाखरू आहे? लहानपणी मी दिवसेंदिवस मॅजिकार्प वाढवला आणि मामेभावाच्या पिकाचूने एका थंडरबोल्टमध्ये गॅराडोस आडवा केला. वीज पाण्याला दुप्पट, उडण्याला दुप्पट, म्हणजे चौपट नुकसान! मी जेवले नव्हते त्या रात्री.

घोडबंदरकर: कारण आहे, ताई. पहिल्या खेळात, १९९६ साली, ड्रॅगन टाइप फक्त ड्रॅटिनी या पोकेमॉनच्या घराण्याला होता. पाणी-ड्रॅगन केला असता तर विजेचा आणि गवताचा मार साधा झाला असता, बर्फाचाही. जोरात लागणारा उरला फक्त ड्रॅगनचा, आणि तेव्हा ड्रॅगनचा एकच हल्ला होता, ड्रॅगन रेज. तो टाइप न बघता ठरावीक ४० चं नुकसान करतो. म्हणजे गॅराडोसला तोडच राहिली नसती.

ऐरोलीची_ट्रेनर: मग १९९९ मध्ये किंगड्रा या पोकेमॉनला पाणी-ड्रॅगन कसं दिलं? २०१३ ला चारिझार्डलाही मेगा एक्स या वाढीव रूपात ड्रॅगन मिळाला. त्याच वेळी मेगा गॅराडोसला काय मिळालं? डार्क! हा उघड अन्याय आहे.

घोडबंदरकर: किंगड्राच्या हल्ल्यात गॅराडोसइतकी ताकद नाही. मेगाच्या बाबतीत मात्र तुमचं खरं आहे, मलाही ते पटलेलं नाही.

नेरूळवाला: माझ्या धाग्याचं टाइपचं कोष्टक करून टाकलंत. मूळ मुद्द्यावर या.

तलावपाळीकर: धागा माझा आहे. आणि उडणं हाही कोईचाच पुरावा. जपानात ५ मेला मुलांसाठी काठीवर कापडी कोई फडकवतात, वाऱ्यावर पोहणारे मासे.

एक सांगतो. २०१६ च्या पावसाळ्यात पोकेमॉन गो आलं, चालत फिरत फोनवर खेळायचं. मॅजिकार्पचा गॅराडोस करायला ४०० कँडी लागायच्या, मासे पकडून जमवायच्या. रोज संध्याकाळी बाबांना घेऊन तलावपाळीला फेऱ्या मारायचो, एका हातात छत्री, एका हातात फोन. बाबांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रोज विचारायचे, "झाला का रे तुझा ड्रॅगन?" ज्या दिवशी झाला, त्या दिवशी कट्ट्यावर बसून त्यांनी चष्मा वर करून तो दोनदा बघितला. बाबा आता नाहीत. तो गॅराडोस अजून आहे, नावही त्यांचंच दिलंय.

मकर मुळापासूनच मकर असतो, नेरूळवाले. तो गंगेचं वाहन आहे, वरुणाचं आहे, त्याला काही व्हायचं नसतं. गॅराडोस आधी सगळ्यांनी टाकून दिलेला मासा असतो. पहिल्या खेळात माउंट मून डोंगराजवळ तो ५०० ला गळ्यात मारतात तेव्हा आपण फसलो असंच वाटतं. ही गोष्ट मकराची नाहीच.

नेरूळवाला: बाबांचं वाचलं. त्यावर वाद घालत नाही. गोष्ट कोईची, मान्य. तोंड मात्र मकराचंच, ते मी सोडणार नाही. आणि पायांचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

तलावपाळीकर: माशाला पाय नसतात.

ऐरोलीची_ट्रेनर: पंखही नसतात. तरी उडणं दिलंच ना? मग ड्रॅगन द्यायला काय झालं होतं?