बाबांच्या जुन्या डेस्कटॉपला कुठलं नेटवर्क कार्ड?

नमस्कार मंडळी,

नागपूरला मनीषनगरच्या घरी बाबांचा जुना डेस्कटॉप आहे. परवा विजा कडाडल्या तेव्हापासून त्याचं नेट बंद. तीच केबल लॅपटॉपला लावली की नेट येतं, डेस्कटॉपच्या पोर्टचा दिवा मात्र लागत नाही. बर्डीवरचा दुकानदार नवीनच घ्या म्हणतो. बाबा ऐकत नाहीत, हिशेब आणि प्रिंटर सगळं त्यावरच. कार्ड घ्यायचं तर कुठलं?

— न्यू जर्सीहून, नागपूरची लेक

---

यूएसबीचं लॅन अडॅप्टर लावून दे ना, सीपीयू उघडायलाच नको!

— डॅलसहून

---

अगं, डॅलसवाले म्हणतात तेही चालून जाईल, पण पोर्ट यूएसबी २.० चा असेल तर कमाल ४८० मेगाबिट, हाती त्याहून कमीच. बाबांचा प्लॅन १०० चा असेल तर तेवढं पुरे.

मी मात्र कार्डच घालेन. आधी झाकण काढून आतला फोटो मागव. लांब, बहुधा पांढरा स्लॉट म्हणजे पीसीआय; इंचभराचा छोटा म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस एक्स-वन. दोन्ही रिकामे असले तर छोट्यातच घालायचं. साध्या पीसीआयमध्ये सगळ्या कार्डांना मिळून सेकंदाला १३३ मेगाबाइट, आणि गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटला, एका दिशेलाच १२५ मेगाबाइट लागतात (८ बिटचा एक बाइट). शेजारी दुसरं कार्ड बसलं की ओढाताण. एक्स-वनला पहिल्या पिढीतही प्रत्येक दिशेला २५० मिळतात.

चिप रियलटेक ८१११ किंवा ८१६८ बघ. स्वस्त, आणि लिनक्सही ओळखतं. इंटेलचं चांगलं असतं, पण हिशेब लिहायला एवढा खर्च काऊन? ८१३९ कोणी दिलं तर घेऊ नको, ते १०० मेगाबिटचंच. २.५ गिगाबिटचंही नको. राउटरचा पोर्ट तेवढा नसेल तर पैसे पाण्यात. सीपीयूचा डबा बारीक असेल तर कार्डाला लावायची बुटकी पट्टी (लो-प्रोफाइल ब्रॅकेट) सोबत आहे का ते विचार.

ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, आधीच पेनड्राइव्हवर घे. नेटच नाही तर तो उतरवणार कुठून? बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, मदरबोर्डवरचं मेलेलं ऑनबोर्ड लॅन बंद कर. आणि बाबांना सांग, आभाळ गडगडलं की प्लगसोबत लॅनची केबलही काढायची. फायबर घरात आलं तरी राउटरपासून पुढे तांबंच असतं. तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, तेही इलेक्ट्रिशियनकडून बघून घे.

— प्रतापनगरचे काका, सध्या मुलाकडे एडिसनला

---

काका, फोटो आला. छोटा स्लॉट रिकामा आहे! पण विंडोज ७ आहे. कार्ड इथून पाठवू का?

---

इथून कशाला, बर्डीवर मिळते की. विंडोज ७ ला कार्ड चालेल, ड्रायव्हर ७ चा आहे ना तेवढं बघ. पण १४ जानेवारी २०२० पासून त्याचा सपोर्ट बंद आहे, बँकेचं काम त्यावर करू देऊ नको. ते मोबाइलवरच.