सिम्बर्गसारखं एचिंग करायचंय, पण पावसाळ्यात प्लेटवर ठिपके पडतात

छापा_गिरगाव
फिनलंडचा चित्रकार ह्यूगो सिम्बर्ग याच्या 'मृत्यूची बाग' (1896) या चित्रावरून शिबिरातल्या मुलांसाठी एक छोटं एचिंग (धातूच्या प्लेटवरच्या रेषा द्रावणाने खोल करून घेतलेला छाप) करायचं आहे. तांब्याची प्लेट 15 × 20 सेमी, हार्ड ग्राउंड (प्लेट झाकणारा मेणकट थर, सुईने ओरखडला तिथेच तांबं उघडं पडतं), तांबं खाणारं द्रावण म्हणून साधं फेरिक क्लोराइड. मोकळ्या जागी बारीक काळे ठिपके उमटतात आणि बारीक रेषा मध्येच तुटतात. जुलैची हवा कारणीभूत आहे की कृतीतच काही चुकतंय?
दुसरं म्हणजे, 2018 ते 2025 आनंदी देशांच्या यादीत फिनलंड सलग पहिला. मग त्यांचा हा तरुण चित्रकार सांगाडे का काढत बसला, असं मुलं विचारणारच. काय सांगावं?

तांबटआळी
ठिपके म्हणजे फाउल बाइट, नको तिथे प्लेट खाल्ली जाणं. प्लेटवर तेलकटपणा किंवा दमटपणा राहिला की ग्राउंड तिथे नीट धरत नाही आणि ॲसिड आत शिरतं. खडूची पूड आणि पांढरं व्हिनेगर यांनी प्लेट घासा, नळाखाली धरा. पाणी सलग पसरलं पाहिजे. थेंब तुटले तर पुन्हा घासा. मग लगेच पुसून हॉटप्लेटवर पूर्ण कोरडी करा आणि कोमट असतानाच ग्राउंड लावा. पावसाळ्यात ही पायरी टाळून चालतच नाही. धरताना कडेला धरा, बोटाचा ठसासुद्धा छापात येतो.
रेषा तुटण्याचं कारण वेगळं. साध्या फेरिकमध्ये गाळ रेषेत बसतो आणि खालचं तांबं झाकतो. म्हणून प्लेट पालथी, चारही कोपऱ्यांना प्लॅस्टिकचे तुकडे लावून ठेवावी लागते. त्यापेक्षा लिंबूसत्त्व घाला: 150 मिली कोमट पाण्यात 50 ग्रॅम विरघळवून ते 800 मिली तयार फेरिक द्रावणात ओता. गाळ जवळजवळ बसत नाही, प्लेट उताणी ठेवता येते, रेषाही स्वच्छ येते. लॅमिंग्टन रोडला सर्किट बोर्डवाल्यांकडे फेरिक मिळतं. खडे मिळाले तर पाण्यात थोडे थोडे टाका. खड्यांवर पाणी ओतलं तर एकदम तापतं आणि वाफा येतात.

ओला_कागद
वरच्यात दोन गोष्टींची भर. युरोपातल्या पुस्तकांतल्या वेळा साधारण 20 अंशांच्या खोलीसाठी असतात. आपल्याकडे 30 अंशांत चावा (द्रावणाने तांबं खाणं) लवकर बसतो, त्यामुळे पुस्तकी वेळ जशीच्या तशी घेऊ नका. आधी तांब्याच्या छोट्या पट्टीवर 5, 10, 20, 40 मिनिटांची चाचणी घ्या.
जस्ताची प्लेट या द्रावणात मुळीच नको, जोरात फसफसते. हातमोजे आणि चष्मा हवेच, ट्रे प्लॅस्टिकचा. वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही: त्यात तांबं असतं आणि ते स्टीलही खातं. धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट टाका (जोरात फेस येतो, भांडं मोठं घ्या), गाळ बसू द्या आणि तो घातक कचऱ्यात द्या.

सुपारीबाग
दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, आणि खरं तर मुलांना तोच जास्त लागणार आहे.
सिम्बर्ग 1895 मध्ये, 22व्या वर्षी, फिनलंडमधल्या रुओवेसीच्या जंगलात चित्रकार आक्सेली गालेन-काल्लेलाकडे शिकायला गेला. पुढच्याच वर्षीचं हे चित्र. त्यातले सांगाडे कोणाला घाबरवत नाहीत, काळे झगे घालून रोपांना पाणी घालतात. एकाने फूल छातीशी धरलंय, तेवढाच भाग मुलांना मोठा करून दाखवा. ही बाग म्हणजे मेलेले स्वर्गात जाण्याआधी थांबतात ती जागा, असं त्याने सांगितलेलं आहे. मला यात दुःख झाकणं दिसत नाही. दुःखाच्या जागीही कोणीतरी रोज येऊन पाणी घालतं, असंच तो म्हणतो. गंभीर आजारातून उठल्यावर 1903 मध्ये त्याने 'जखमी देवदूत' पूर्ण केलं, त्यातही देवदूताच्या हातात हिमफुलं आहेतच. अर्थ मात्र त्याने सांगितला नाही, तेव्हा तुम्हीही मुलांवर लादू नका.
एचिंगसाठी आधी झगे आणि कुंड्या घट्ट आडव्या-उभ्या रेषांनी भरा, फुलांच्या जागा रिकाम्या ठेवा. तिथे कागदाचा पांढरा राहिला की बाग आपोआप उजळते.

छापा_गिरगाव
खडू-व्हिनेगर आणि लिंबूसत्त्व दोन्ही करतो. पट्टीचे फोटो इथे टाकतो.